गिटारने राखलेली जागा

ताईच्या नवऱ्याला मित्र कविराज म्हणत, आणि त्यातली थट्टा त्याला इतक्या वर्षांत एकदाही कळली नव्हती. रविवारी दुपारी तो आरशासमोर उभा राहून तिसरा शर्ट चढवत होता. खिशाला दोन पेनं लावून झाली होती, कारण ऐन वेळी एक दगा देतं असा त्याचा अनुभव होता. ताई चपला घालून दारात ताटकळत उभी होती आणि मनातल्या मनात आपल्या धाकट्या भावाला शिव्या घालत होती.

कारण नवऱ्याला खरं काय ते सांगायचं काम धाकट्याचं होतं. धाकटा गिटार वाजवायचा, चाली करायचा, आणि कविराज त्या चालींवर शब्द लिहायचा. मेहुण्या-भाऊजींची ही जोडी एके काळी बरी चालली होती. त्यांचं एक गाणं अजूनही लिफ्टमध्ये आणि दवाखान्यात नंबर येईपर्यंत ऐकू यायचं. त्यांची पद्धत ठरलेली होती. धाकटा आधी सगळं वाजवून, रेकॉर्ड करून ठेवायचा, आणि गायकाने जे गायचं ते गिटारवर वाजवायचा. बसच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी गिटार गळ्याची जागा धरून बसायची. मग कविराज यायचा, ऐकायचा, शब्द लिहायचा, गायक गायचा, आणि गिटार मुकाट्याने उठून जायची.

गेली काही वर्षं मात्र बोलावणं आलं नव्हतं. फोन वाजला की कविराज टीव्हीचा आवाज बारीक करायचा आणि फोन दुसऱ्याच कुणाचा निघाला की पुन्हा मोठा करायचा. तो काही बोलायचा नाही, पण ताईला दिसत होतं की माणूस आतून पोखरला जातोय. अशात धाकट्याचा निरोप आला, अल्बम झालाय, ऐकायला या. त्या दिवशी कविराज दोनदा जेवला.

आता खरी गोष्ट अशी की या अल्बममध्ये गाणारं कुणी नव्हतंच. सगळा रॉक होता, गिटार, बास आणि ड्रम, आणि यंदा गिटार जागेवरून उठणार नव्हती. हे ड्रमवाल्याला ठाऊक होतं, बास वाजवणाऱ्याला ठाऊक होतं, ताईलाही ठाऊक होतं. धाकट्याने तिला फोनवर सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता की भाऊजींना तूच सांग, तुझं ऐकतात. ताई म्हणाली, करायचं तू आणि निस्तरायचं मी, हे आता पुरे, तुझं तोंड शाबूत आहे. धाकटा बरं म्हणाला होता. त्याच्या बरं म्हणण्याची किंमत तिला माहीत होती, तरीही तिने फोन ठेवून दिला.

धाकट्याची खोली एका फर्निचरच्या दुकानावर होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, त्यातल्या एकीवरचा चहाचा डाग ताईने ओळखला, ती तिच्याच घरातली होती. ड्रमवाला जमिनीवर मांडी घालून बसला होता. बास वाजवणारा आठवडाभर लोकांचे दात काढायचा. त्याने कविराजाचा हात हातात घेऊन हळूच दाबला, अजिबात दुखणार नाही असं सांगतात तसा. कविराज स्पीकरसमोरच्या खुर्चीत परीक्षकासारखा बसला, मांडीवर कागद घेतले आणि म्हणाला, हं, होऊ दे.

धाकट्याने ताईकडे पाहिलं. ताईने त्याच्याकडे पाहिलं. मग त्या शूराने पाठ फिरवून बटण दाबलं.

आधी नुसती घरघर आली. मग एकच तार, लांब, थोडी फाटलेली, आणि ती संपते न संपते तोच ड्रम कोसळले. कविराजाने कपाळाला आठ्या घातल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, की स्वयंपाकघरात काही पडलं का. ड्रमवाला हसला नाही. ताईलाही हा गोंगाट फारसा पसंत नव्हता. डोळे मिटून मान हलवणाऱ्या या बाप्या माणसांची तिला गंमत वाटत होती, एवढं काय त्यात, पंख्याचं बेअरिंग गेलं की आमच्याकडे फुकटात वाजतं.

पण तिचं लक्ष नवऱ्याकडे जास्त होतं. तो बोटांवर मात्रा मोजत होता, कागदावर उभ्या रेघा मारत होता, मध्येच नाराजीने जीभ टाळूला लावून चक् करत होता. गिटार न थांबता वर वर चढायला लागली तेव्हा तो ताईकडे वाकून म्हणाला, की इथे गायक मरेल, श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही, तुझ्या भावाला अजून अक्कल आली नाही. ताई म्हणाली, हं. दुसरं काय म्हणणार होती ती?

तिसरं सुरू झालं तेव्हा त्याच्या कागदावर तिला काळोख हा शब्द दिसला. तिने मनात म्हटलं, आले, साहेब आले. काळोख, क्षितिज आणि पाऊलखुणा हे तीन शब्द कविराजाने आयुष्यभर जिथे तिथे घातले होते. एकदा साबणाच्या जाहिरातीत त्याने क्षितिज घातलं, तर साबणवाल्याने ते खोडून तिथे फेस केलं, आणि कविराज दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. शब्दांचा एवढा मोठा व्यापारी, पण गाडीवर माल तोच. आणि घरातल्या कुणीही त्याला कधी तसं सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की तो जेवायचा नाही.

चौथं संथ होतं. त्यात ड्रम जवळजवळ नव्हतेच, बास खालून पावलं टाकत होता आणि गिटार एकटीच बोलत होती. ती एका ठिकाणापर्यंत यायची, थांबायची आणि मागे फिरायची. पुन्हा यायची, पुन्हा मागे. ताईने ती येरझार ओळखली. हा धाकटाच होता. लहानपणी काही सांगायचं असलं की असाच दारापर्यंत यायचा, घुटमळायचा आणि काही नाही म्हणून परत जायचा. ताई ओरडायची, बोल ना रे मेल्या. इथे गिटार चौथ्यांदा आली आणि मागे फिरली नाही. जे होतं ते तिने सगळं सांगून टाकलं, मोठ्याने, कुणाची भीडभाड न ठेवता. ताईला भरून आलं. पाठोपाठ रागही आला, की जन्मभर याच्या चाली ऐकल्या आणि हे आपल्याला एकदाही ऐकू कसं आलं नाही. तिच्या शेजारी पेन कुरकुर करत चाललं होतं.

अल्बम संपला. दाताच्या डॉक्टरने डोळे पुसले की चष्मा, ते काही कळलं नाही. धाकट्याने घसा खाकरून विचारलं, कसं वाटलं?

कविराजाने कागद सारखे केले. चाली वाईट नाहीत, तो म्हणाला. ड्रमवाल्याने जरा माणसात यावं. दुसरीत श्वासाला जागा करावी, सहावी अर्धी कापावी, एवढं लांब कुणी गात नाही आणि गायलं तर कुणी ऐकत नाही. आणि चौथीचं काम तर इथेच झालं, बाकीचे शब्द गुरुवारपर्यंत देतो. मग कुणी काही म्हणायच्या आत तो उभा राहिला, डावा हात कानाजवळ नेला, आणि त्या संथ चालीवर गाऊ लागला, "काळोखाला क्षितिज नाही, पाऊलखुणांना गाव नाही."

त्याने अख्खं कडवं गायलं. ड्रमवाला गाद्यांकडे पाहत होता. दाताचा डॉक्टर बुटांकडे पाहत होता. कुणाच्या तरी घरात चपलांसकट शिरून आपण भलत्याच्या बिछान्यावर बसलोय असं ताईला वाटलं, आणि बसलेला होता तो आपला नवरा.

"बरं आहे, भाऊजी," धाकटा म्हणाला. "बघू."

हे ऐकून ताईचा संयम सुटला. बघू म्हणे. आता हा गुरुवारी शब्द घेईल, गायक शोधेल, आणि ते चौथं जे आहे तेही दवाखान्यात वाजायला लागेल. "त्याला शब्द नकोयत," ती म्हणाली.

कविराज हसला. शब्द नकोत तर गायक काय दूध-भात खाऊन घरी जाणार का, असं काहीतरी म्हणाला. मग कुणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मेहुण्याकडे पाहिलं.

"गायक नाहीये, भाऊजी," धाकटा म्हणाला. तो जमिनीकडे बघून बोलत होता, पण थांबला नाही. "हे झालंय, असंच आहे. मी चाल केली की दोन-चार दिवस ती माझी असते. मग तुमचे शब्द येतात आणि लोक ते म्हणतात. एकदा तरी माझी माझ्याकडे राहू दे म्हटलं."

"मग मला बोलावलंस कशाला?"

"ऐकायला," धाकटा म्हणाला.

कविराजाने पेनाचं टोपण लावलं. ते नीट बसलं नाही, त्याने पुन्हा लावलं. कागद खुर्चीवरच ठेवून तो दार उघडून बाहेर गेला, आणि जिन्यावरून खाली उतरल्याचा आवाज काही आला नाही. हातांना काहीतरी काम हवं म्हणून असेल, पण धाकट्याने चौथं पुन्हा लावलं. ताईने जाता जाता त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला आणि दार उघडंच ठेवून ती बाहेर आली.

कविराज जिन्यात मधल्या पायरीवर बसला होता. खालच्या दुकानातून पॉलिशचा वास येत होता. ती शेजारी टेकली. आता हा माझ्यावर उखडणार, तुला ठाऊक होतं म्हणणार, या तयारीने तिने उत्तरंही जुळवून ठेवली होती.

"मला ऐकू येत नाहीये," तो म्हणाला.

ताईला वाटलं, नवीन नाटक. पण त्याचा चेहरा नाटकातला नव्हता.

"गिटार आली की वर माझंच वाजतं. काळोखाला क्षितिज नाही. काढायला बघतोय, निघतच नाही. तुम्हा सगळ्यांना नुसती गिटार ऐकू येतेय ना? मला आता ती तशी कधीच ऐकू येणार नाही."

ताईला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी चीड आली. गेल्या कित्येक वर्षांचं तिच्या तोंडाशी आलेलं होतं. "ओळ काही एवढी चांगली नाहीये," ती म्हणाली. "विसराल दोन दिवसांत."

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "वाईट आहे?"

"वाईट आहे."

तो रागावला नाही. त्याने नुसती मान हलवली, हिशोब पटल्यासारखी. वर गिटार त्या जागेपर्यंत आली, थांबली आणि मागे फिरली. पुन्हा आली. ताईने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले, पण शेजारून पुटपुट ऐकू आली म्हणून उघडून पाहिलं. कविराजाचे ओठ हलत होते, काळोखाला, क्षितिज, त्याच्या इच्छेविरुद्ध हलत होते.

"निदान ओठ तरी हलवू नका," ताई म्हणाली. "मला ऐकायचंय."

त्याने तळहात तोंडावर दाबून धरला, आणि वरचं वाजायचं थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला.