आहे तेवढ्या बळावर

“आईचे पाय बळकट होईपर्यंत तिला जिना उतरू द्यायचा नाही. बाकी घर तुझं, हवं तसं चालव.”

जहाजावरच्या नोकरीवर परत जाताना हे उंबऱ्यात उभे राहून एवढंच बोलले. लिफ्ट तेव्हाही बंदच होती, त्यामुळे बॅग खांद्यावर टाकून चार मजले पायीच उतरले. मी मान हलवली होती. बाईमाणसाने मान हलवली की पुरुष निर्धास्त होऊन जातात.

लिफ्ट अजून बंद आहे. तिच्या जाळीच्या दारामागे कुणीतरी मोडका पंखा ठेवलाय. दुरुस्तीवाला येतो, दार उघडतो, वर बघतो आणि जातो. घर दोन खोल्यांचं. गॅलरीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, आणि भिंतीवर एक गंजलेला पाइप. सासूबाई म्हणतात, “तो पाइप मला आता सख्ख्या भावासारखा वाटायला लागलाय. बोलत नाही, पण कुठे जातही नाही.”

सासूबाई शिलाईच्या कारखान्यात होत्या. सगळं आयुष्य कॉलर लावण्यात गेलं. “सदरा कसा असतो ते मला विचारू नकोस. माझ्यापुढे गळा यायचा आणि माझ्यापुढून गळाच जायचा.” त्या कामाने बोटं वाकडी झाली, यंत्रांच्या आवाजाने कान गेले आणि शेवटी गुडघेही गेले. मी हळू बोलते, तरी त्यांना माझं सगळं कळतं, कारण त्या ओठ वाचतात. कारखान्यातल्या सगळ्याच बायकांना ती विद्या येत असे.

त्यांच्या पाठीला पाठ लावून काज करणारी बाई बसायची. तिला सगळे काजवालीच म्हणत. ती आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. तिचं हृदय नाजूक, तिला वर चढायला मनाई. सासूबाईंना खाली उतरायला मनाई. फोनवर बोलायचं तर दोघींचे कान सारखेच. “काय?” “कोण?” “मी गं.” “मी कोण?” असं करून दोघी दमतात आणि ठेवून देतात. समोरासमोर ओठ बघत मात्र त्या तासन्‌तास बोलत.

वेळ जावा म्हणून यांनी जाण्याआधी टीव्हीला खेळाचं यंत्र जोडून दिलं होतं. पहिल्या खेळात लांडगे मारायचे होते. मारले की ताकद वाढायची, ताकद वाढली की जरा मोठे लांडगे. सासूबाईंची बोटं बटणं दाबू शकत नाहीत, म्हणून अंगठे माझे आणि डोकं त्यांचं. दोनच दुपारी झाल्या आणि त्या वैतागल्या.

“हे तर कारखान्यातलं पीसवर्क झालं गं, नगावर पैसे. तेच माप, तोच धागा.”

“रोज तेच करण्याचं मला काही वाटत नाही,” मी म्हटलं. “मारायचं मात्र नको वाटतं.”

“तुझं निराळं आहे. तू देवापुढे बसतेस. तिथे कुणी नग मोजून घ्यायला येत नाही.”

माझा नेम साधा आहे. पहाटे दिवा लावायचा, तो शांत होईपर्यंत मौन, आणि मग दिवसभर खोटं बोलायचं नाही. लग्नाआधीपासून चालू आहे. सासूबाईंनी कधी अडवलं नाही, फक्त चिडवतात.

यांचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी तक्रार केली. हे काय म्हणतात ते मी ओठांनी त्यांना सांगत होते. “ग्राइंडिंग नसलेला हवाय का?” हे म्हणाले. “एकट्याने खेळायचा, नुसती गोष्ट पुढे जाणारा?”

“ग्राइंडिंग म्हणजे काय, विचार त्याला.”

“ताकद वाढावी म्हणून तेच तेच करत बसणं.”

“मग तसलाच दे म्हणावं. ग्राइंडिंगसाठी घरात मिक्सर आहे.”

तर असा दुसरा खेळ आला. त्यात एक पूल बांधणारी बाई आहे. नदी अचानक आटली आहे, ती का आटली हे शोधायला ती उगमाकडे निघते. वाटेत माणसं भेटतात, काही विचारतात, आणि आपण तीन-चार उत्तरांतलं एक निवडायचं. जे निवडू तसं पुढे घडतं. बाईची ताकद पहिल्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. वाढवायची सोयच नाही. सासूबाईंना हे फार पसंत पडलं. “म्हातारीसारखी आहे,” म्हणाल्या. “आहे त्यातच भागवते.”

एका वेशीवर पहारेकऱ्याने विचारलं, पिशवीत काय आहे? पिशवीत बंदी असलेला नकाशा होता.

“पहिलं दाब. ‘भाकरी आहे.’”

“पण ते खोटं आहे.”

“अगं, खेळातलं खोटं.”

“अंगठा खरा आहे ना, आई.”

“साध्वी, तुझ्यापायी माझी बाई तुरुंगात जाणार.”

गेलीच. दगडी कोठडी, वर लहानसा झरोका, कोपऱ्यात पेंढा. दोन-तीन दुपारी आम्ही त्या कोठडीतच होतो. पुन्हा पुन्हा भिंती चाचपत होतो, आणि खेळ थांबवला की मी मान वळवून आमच्या भिंतीवरचा पाइप बघत होते. एकदा सासूबाई म्हणाल्या, “तिथे निदान झरोका आहे.” हसल्या, आणि गॅलरीकडे पाठ केली.

त्याच आठवड्यात काजवालीची मुलगी वर आली. रविवारी आईला आपल्या गावी कायमची नेतेय, असं सांगून गेली. सासूबाईंनी नुसतं “बरं झालं” म्हटलं. संध्याकाळी ताटातलं अन्न तसंच राहिलं. मला ते बघवेना. मी म्हणाले, “त्या जायच्या आत मी तुम्हाला खाली नेईन.”

त्यांनी माझे ओठ वाचले. जेवल्या.

दुसऱ्या दिवशी, त्यांना व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “अजून नको. गॅलरीत फेऱ्या वाढवा. पायांत बळ आलं की बघू.” सासूबाई किती महिने फेऱ्या मारताहेत. काठी टेकत जातात, पाइपाला तोंड दाखवतात आणि परत येतात. पायांत बळ काही येत नाही. मग यांना विचारलं. हे म्हणाले, “वेड लागलंय का? पडली तर मी इथे समुद्रात काय करू? लिफ्टवाल्यांना मी सांगतो.” त्यानंतर मी तो विषय काढला नाही. सासूबाईंनीही काढला नाही. त्या नुसत्या सकाळी माझ्याकडे बघत, आणि मी दिव्याकडे.

कोठडीत पेंढ्यामागे आणखी एक म्हातारी कैदीण असल्याचं आम्हाला उशिरा कळलं. तिला चालता येत नव्हतं. बाहेर पडायचा चोरजिना तिलाच माहीत होता. तिने तो दाखवला आणि म्हणाली, तू आधी जा, रस्ता मोकळा आहे का बघ, मग मला न्यायला ये. खाली तीन उत्तरं. येईन. जमणार नाही. गप्प राहा.

“‘येईन’ दाब,” सासूबाई म्हणाल्या.

“येणार आहोत का आपण?”

“दाब गं, दिवस मावळेल.”

मी दाबलं.

बाहेर आलो तर नदीच्या कोरड्या पात्रात एक गाडीवान उभा होता. उगमापर्यंत नेतो म्हणाला, पण आत्ता निघायचं. वाट पुढे मोकळी दिसत होती. सासूबाई उशीवरून पुढे सरकल्या. “बस गाडीत. इतक्या दिवसांनी सदरा बघायला मिळतोय, बघू दे.”

माझे अंगठे हलले नाहीत.

“काय झालं?”

“मी तिला ‘येईन’ म्हटलंय.”

“तू नाही, त्या बाईने म्हटलंय.”

“बटण मी दाबलं, आई. माझा नेम आहे. शब्द दिला आणि पाळला नाही तर ते खोटंच की.”

सासूबाईंनी टीव्हीवरची नजर काढली. वाकड्या बोटांनी चादरीची सुरकुती सरळ केली. आवाज अजिबात चढला नाही.

“आणि मला काय म्हणाली होतीस?”

टीव्हीवर गाडीवान बैलांच्या मानेवर हात फिरवत वाट बघत होता. मी अंगठे बटणांवरून काढून घेतले. मौनात बसते तेव्हा आत शांत असतं. हे तसं नव्हतं.

“आज शुक्रवार आहे,” त्या म्हणाल्या. “मी काही म्हणत नाही. चल, तुझ्या त्या म्हातारीला आणायला जाऊ.”

गाडीवान निघून गेला. आम्ही परत चोरजिन्याने वर गेलो. म्हातारी तिथेच, तशीच बसलेली. पूलवाल्या बाईने तिला पाठीवर घेतलं. कोपऱ्यात श्वासाची एक रेघ दिसू लागली. पायरी उतरली की रेघ कमी होई. मी घाईघाईने उतरवत गेले, रेघ संपली, दोघी कोसळल्या. खेळाने पुन्हा वर नेऊन ठेवलं. पुन्हा उतरले, पुन्हा कोसळल्या.

“हिची ताकद कमी पडतेय,” मी म्हटलं. “कुठेतरी वाढवता आली असती तर.”

“नाही ना वाढत. वाढणार नाही. मग काय, बसवून ठेवायचं तिला वर?” सासूबाई रागावल्या नव्हत्या, विचारात होत्या. “तू घाई करतेस. आम्ही कारखान्यात गठ्ठे वरून खाली न्यायचो ना, ते एका दमात नाही. वळणावर टेकवायचे. तिथे बघ, भिंतीत काय आहे?”

वळणावर भिंतीत दगडाची बैठक होती. मी इतका वेळ तिला शोभा समजत होते. म्हातारीला तिथे टेकवलं. रेघ हळूहळू भरली. पुन्हा उचललं. पुढच्या वळणावर पुन्हा बैठक. मध्ये एकदा म्हातारी बसल्या बसल्या म्हणाली, इथून आकाश दिसतं. सासूबाईंनी मला ते वाक्य परत वाचायला लावलं.

अशा आम्ही तिघीजणी उतरलो. चौघीजणी म्हणायला हवं. खाली पोचल्यावर खेळात काही विशेष झालं नाही. वाजंत्री नाही, बक्षीस नाही. म्हातारीने आपले पाय कोरड्या वाळूत पुरले आणि बसून राहिली. सासूबाई डोळे मिटून पडल्या. झोपल्या असं मला वाटलं.

“लांडगेवाल्या खेळात,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या, “हिला आधी हजार लांडगे मारायला लावले असते.”

शनिवारी पहाटे मी उठले. यांना निरोप लिहिला: आज आईंना खाली घेऊन जातेय, सावकाश, प्रत्येक वळणावर बसवत. कळवते आहे, विचारत नाहीये. पाठवून दिला. मग हात धुऊन दिवा लावला आणि त्याच्यापुढे उभी राहिले. बसले नाही. नेम मौनाचा आहे, बसण्याचा नाही, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ध्यानात आलं. देवाला मनात एवढंच म्हटलं की बळ वाढवून मागत नाही, आहे तेवढं हातातून सुटू देऊ नकोस.

घरात बसायच्या वस्तू फार नाहीत. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल, न्हाणीतलं प्लास्टिकचं, सासूबाईंच्या जुन्या मशीनपुढचं गोल स्टूल, यांची घडीची खुर्ची. चार मजल्यांची वळणं मोजली तर त्या कमी पडणार होत्या. पण वरचं मागे पडलं की तेच उचलून पुढे नेता येईल. मी गोल स्टूल उचललं.

सासूबाई जाग्या होत्या. “कुठे निघालीस इतक्या सकाळी?”

दिवा तेवत होता. मी बोलले नाही. स्टूल जरा वर धरलं, त्यांना दिसेल असं.

त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग पांघरूण बाजूला केलं आणि काठीसाठी हात पुढे केला. “ते बाहेर जाण्याजोगं पातळ काढून ठेव,” त्या म्हणाल्या. “काजवाली नावं ठेवेल.”

मी कडी हळूच काढली. जिन्यात अजून गारवा होता. पहिल्या वळणावर, भिंतीला टेकून, मी स्टूल ठेवलं. हलतंय का ते दाबून पाहिलं, आणि दुसरं आणायला वर वळले.