जुईच्या बोटांची घाई

माझी नात जुई पियानो शिकते, हे मी सगळ्या प्रभादेवीला ऐकवून ठेवलं होतं. आणि नाताळाच्या तोंडावर पोरगी रडत घरी आली.

"आजी, मिस मला यंदा स्टेजवर घेणार नाही. मी क्लास सोडला."

मिस म्हणजे नॉर्मा. दादरला चर्चच्या मागच्या गल्लीत राहते. एरवी पुस्तकातलं शिकवते, पण वर्षाच्या कार्यक्रमाला प्रत्येक पोराला स्वतः रचलेली चाल देते, ज्याच्या त्याच्या हाताला बसेल अशी. सगळ्या पोरांना मिळाली, आमच्या जुईला नाही.

मी चपला घातल्या. शाळा माझी चौथीत सुटली, पण भांडायला शाळा लागत नाही.

"काय हो टीचर, माझ्या नातीत काय खोट दिसली तुम्हाला?"

"बसा, बेबीताई. खोट नाय. घाई आहे." नॉर्मा जराही दबली नाही. "सुरुवात गोड करते, मग धावत सुटते. अंगाई वाजवायला दिली, तर शेवटी बाळ पाळण्यातून बाहेर पडेल. ठेक्याचं यंत्र लावलं, तर यंत्रच मागे राहतं. कितीदा सांगितलं, रडते, पण थांबत नाय. चारचौघांत फजिती नको म्हणून थांबवलं."

"आमच्या घरात घाई कोणी शिकवत नाही. उद्या मंगळवार, आरतीला या. पोर कशात वाढली बघा, मग बोला."

आली. झांजा माझ्या हातात, टाळ्यांना जुई. पहिलं कडवं संथ. दुसऱ्याला हात गरम झाले. शेवटाला तर झांजा, टाळ्या, घंटा, सगळं एका दमात. प्रसाद हातात घेऊन नॉर्मा खोखो हसली.

"बेबीताई, रोग तुमच्याकडचाच आहे!"

"मग? आरती काय शेवटपर्यंत रांगत म्हणायची? देव झोपेल."

"परत म्हणा ना एकदा."

"आरतीला वन्समोअर?" मी म्हटलं. पण म्हटली. ती गुडघ्यावर बोटं आपटत ऐकत राहिली.

पुढच्या आठवड्यात जुई परत क्लासला गेली आणि तिच्या हातात नवी चाल आली. एकच धून चार वेळा फिरते, दर फेरीला वेग चढतो. "मिस म्हणाली, धाव, पण चौथ्या फेरीत. आधीच धावलीस तर तिथे काय करशील?" पोरगी घरच्या कीबोर्डवर पहिली फेरी घोटत बसली. आपणहून हळू वाजवताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं.

कार्यक्रमाला हॉल भरलेला. पहिली फेरी नीट गेली. दुसरीत तिचे खांदे उचलले गेले. मला ती खूण ठाऊक आहे, आता सुटणार. मी पदर मुठीत धरला. जुईने ओठ चावला आणि हात आवरले. तिसरी. मग चौथीला अशी सुटली की मागचे टायवाले म्हातारेसुद्धा टाळ्यांनी ठेका धरू लागले. शेवटचा सूर पडला तो बरोबर त्यांच्या टाळीवर.

उठून तिने आधी बघितलं ते नॉर्माकडे. मी पुढच्या रांगेत, नवी पैठणी नेसून बसलेली, आणि पोरगी तिकडे बघते! लागलं मला. पण नॉर्मा कोपऱ्यात उभी राहून चष्मा पुसत होती, एकदा पुसून झाला तरी पुसतच होती. म्हटलं, बघू दे तिकडे. हक्क आहे बाईचा.

आणि मी शेजारच्या बाईला कोपर मारून सांगितलं, "नात माझी."