चढावर उघडणारी चीर

मेकॅनिक सयाजीनं इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या तोंडावर टोपण बसवलं, क्लिप आवळली आणि कॉम्प्रेसरची नळी त्याला जोडली. ऋषभ बॉनेटच्या कडेला हात टेकून उभा होता. आत हवा भरू लागली तसा त्यानं आपलाच श्वास रोखून धरला, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

“उभ्या गाडीत ह्यो आजार घावत न्हाय, शेठ,” सयाजी म्हणाला. “सपाटीलाबी कळत न्हाय. चढाला हवेचा दाब वाढला की पाइपाची चीर उघडती, आन् हवा इंजिनात जायच्या आधीच भाईर.”

चढ म्हटल्यावर ऋषभची मान खाली गेली. आईच्या छातीत दुखू लागलं म्हणून तो तिला चंदगडहून कोल्हापूरला, तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं आणत होता. आजऱ्याच्या अलीकडच्या चढावर गाडीनं कच खाल्ली. पाय दाबून दाबून पोटरीत गोळा आला, तरी ती रांगतच राहिली. दवाखान्याच्या दारात थोरली बहीण त्रिशलाअक्का स्ट्रेचर घेऊन उभी होती. आई पोचली, पण स्ट्रेचरचा उपयोग राहिला नव्हता.

त्रिशलानं तेव्हा एकच विचारलं होतं, गाडी का ओढली नाही म्हणून. त्यानंतर ती त्याच्याशी धड बोललीच नव्हती. ऋषभ गाडी जपून चालवतो यावरून घरात त्याची कायम टिंगल व्हायची. पुढं बैल जुंपलेत का, असं आईसुद्धा विचारायची. आता ती टिंगल त्याला खरी वाटायची. त्या दिवशी आपला पाय खरंच तळाला टेकला होता, की घाबरून आपणच आखडता घेतला, हे त्याचं त्यालाच सांगता येईना. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सयाजीच्या गॅरेजात गाडी दाखवायची ठरली तेव्हा मीही येणार, असं अक्कानं स्वतःहून कळवलं. निकाल तिला आपल्या कानांनी ऐकायचा असणार, असं त्यानं धरलं. गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून ती मघापासून रस्त्याकडं तोंड करून बसली होती.

कुठून तरी बारीक सुस्कारा ऐकू आला. सयाजीनं साबणाच्या पाण्याची बाटली उचलली आणि एकेका जोडावर फवारत तो खाली वाकला. वरच्या पाइपांवर कुठंच फेस आला नाही. मग खालच्या जाड रबरी पाइपाच्या पोटाशी फेस धरला, फुगला, फुटला, पुन्हा धरला.

“घावली,” सयाजी म्हणाला.

ऋषभला हुंदका आला. त्यानं तो खोकल्यात घालवला. दोष गाडीचाच होता. त्याचा पाय तळालाच होता. आता अक्काला हाक मारायची आणि हा फेस दाखवायचा, एवढंच राहिलं होतं.

सयाजीनं हवा बंद करून पाइप सोडवला, फडक्यानं पुसला आणि उजेडात धरला. रबर बाहेरून तासल्यासारखं झालं होतं. बारीक दातांच्या जोडीनं उमटलेल्या रेघा, आणि त्यांच्या तळाशी चीर.

“दिवाळीला सर्व्हिसिंग केलं तवा हातानं चाचपून बघितला हुता की मी ह्यो,” तो म्हणाला. “उंदराचं काम हाय, शेठ.”

ऋषभला गाडीची शेड आठवली.

दिवाळीनंतर त्यांच्या काजूच्या गोदामात उंदीर झाले होते. त्यानं औषध आणलं, तर आईनं ताट बाजूला सारलं. जीव मारून राखलेल्या मालाचं अन्न तिला गिळवणार नव्हतं. शेवटी अक्कानं फोनवरून तोड काढली. गाडीच्या शेडात कोपऱ्याला रोज मूठभर काजूकणी टाका, त्यांचं पोट तिथं भरलं तर गोदामाकडं फिरकणार नाहीत. आईला ते इतकं पटलं की भेटेल त्याला ती लेकीचं शहाणपण सांगत सुटली. रोज दिवस मावळायच्या आत, आपलं जेवण उरकलं की ती वाटी घेऊन शेडात जायची. गोदाम खरंच वाचलं. उंदीर शेडात राहायला आले, आणि गाडीही तिथंच उभी असायची.

अक्का खुर्चीवरून उठताना दिसली तसा ऋषभ सयाजीच्या जवळ सरकला.

“जुना झालता म्हणून सांगा,” तो हळूच म्हणाला.

सयाजीनं त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग पाइपाची ती बाजू फडक्याखाली घेतली.

“काय निघालं?” त्रिशलानं विचारलं.

“पाइप जुना झालता, अक्का. बदलायचा माज्याकडनं राहून गेला.”

तिचं त्यावर समाधान झालं नाही. भावाला ओलांडून ती सयाजीपुढं जाऊन उभी राहिली. तिचा आवाज एवढा लहान झालेला ऋषभनं कधी ऐकला नव्हता.

“सयाजीभाऊ, उंदरानं नाही ना कुरतडला?”

इतके दिवस ती का बोलत नव्हती, हे ऋषभला तेव्हा कळलं. तो तिच्या नजरेला घाबरत होता आणि ती या गॅरेजला.

“न्हाय, अक्का,” सयाजी म्हणाला. “रबर वाळलंतं. सर्व्हिसिंगला माज्याच नजरंतनं सुटलं. चूक माजी हाय.”

त्रिशला पुन्हा खुर्चीत बसली. पदराचा बोळा तोंडात धरून ती रडू लागली. आई गेल्यापासून ती रडलेली कुणी पाहिली नव्हती. ऋषभ तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. मागं सयाजी उगाच पान्ह्यांची आवराआवर करत होता.

“मीच मारलं आईला, असं वाटत होतं रे मला,” ती म्हणाली.

हेच वाक्य ऋषभ दवाखान्याच्या दारापासून गिळून होता. ते आज तिला सांगून टाकायचं, असं ठरवून तो घरातून निघाला होता.

“ऊठ अक्का,” तो म्हणाला, “घरी जाऊ.”