भामा हाइट्सचा पांढरा तडा

शिवाशेठनी आईच्या नावाने उभारलेल्या भामा हाइट्सला वेबसाइटवर तडा गेला, आणि तोही नेमका ब्रोकर मंडळी येणार त्या दिवशी. वरच्या गच्चीपासून खाली पार्किंगपर्यंत, सरळ, पांढराफटक!

वेबसाइट अंकिताने बनवली होती. खांदा कॉलनीत डेअरीच्या वर थाटलेल्या वेबसाइटच्या ऑफिसात तिने हौसेने स्वतःचं फ्रेमवर्क लिहिलं होतं. वेबसाइटचे तुकडे वेगवेगळ्या फायलींत लिहायचे आणि फ्रेमवर्कने ते कंपाइल करून, म्हणजे एकत्र जोडून, एक अख्खं पान बनवायचं. ऑफिसचे मालक प्रणित सर मात्र पहिल्यापासून नाक मुरडत होते. आज त्यांना आयतं कोलीत मिळालं.

"पाचला ब्रोकर येतायत," ते म्हणाले. "तोवर हे नीट झालं नाही, तर तुझं फ्रेमवर्क गुंडाळायचं. आणि तू उद्यापासून फोन उचलायला बसायचं."

फोन उचलायला! इंजिनिअर होऊन! अंकिताला रडूच यायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात शिवाशेठ स्वतःच आले, बरोबर विठू मिस्त्री. बिल्डर माणूस, तडा दिसला की मिस्त्री आणणारच. विठूने चष्मा चढवला, मॉनिटरवर बोटाने टकटक केली आणि कान लावून ऐकलं.

"पोकल नाय लागत," तो गंभीरपणे म्हणाला. "वरवरचा हाय. पुट्टी सुटली."

"आई बगल तर काय म्हनंल?" शिवाशेठ कळवळून म्हणाले. "अगो अंकिता, तिचं नाव हाय त्याच्यावर!"

"शेठ, बिल्डिंग ठणठणीत आहे. मला जरा बघू द्या," अंकिता म्हणाली. दोघं तिच्या खुर्चीमागे ठाण मांडून बसले.

नेट रखडत चालायचं, म्हणून तिने बिल्डिंगचा फोटो उभा कापून दोन तुकडे केले होते. एकेक तुकडा एकेका फाइलीत. कंपाइल झालेलं पान उघडल्यावर तिला चोर सापडला. प्रत्येक फाइलीच्या शेवटी एंटर मारायची तिला सवय होती. ती रिकामी ओळ कंपाइल होताना पानात जशीच्या तशी उतरली होती, आणि ब्राउझरने दोन फोटोंच्या मध्ये तिची फट करून ठेवली होती.

"एंटरमुळे झालंय," ती म्हणाली.

"कोन हा एंटर?" शिवाशेठ भडकले. "कलंबोलीचा काय?"

अंकिताने तिरमिरीत कंपायलरला हुकूम सोडला: फाइल कुठलीही असो, शेवटचा एंटर उडव. पान नव्याने उघडलं. तडा नव्हता. बिल्डिंगही नव्हती. नुसता पांढरा पडदा.

"पाडलीस?" शिवाशेठ खुर्चीवरून उठले. विठूने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

प्रणित सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि फोनच्या टेबलावरची धूळ फडक्याने झटकली. हा माणूस इतका दुष्ट असेल असं अंकिताला वाटलं नव्हतं.

तिने दात-ओठ खात शोधलं. फोटो पडद्यावर आणणाऱ्या प्रोग्रामच्या एका फाइलीत शेवटी तिनेच स्वतःसाठी शेरा मारला होता: इथवर सगळं ठीक. शेरा ओळ संपेपर्यंत चालतो आणि कॉम्प्युटर तो वगळतो. ओळच संपली नाही, तेव्हा पुढच्या फाइलीतलं सगळं कामकाज शेऱ्यात जमा झालं आणि कॉम्प्युटरने ते वाचलंच नाही. म्हणजे पानाच्या तुकड्यांचा एंटर काढायचा, प्रोग्रामच्या फाइलींचा राखायचा. तिने कंपायलरला तसं बजावलं आणि डोळे मिटून बटण दाबलं.

"उबी राह्यली!" शिवाशेठ ओरडले. भामा हाइट्स अखंड, चकचकीत, जागच्या जागी. अंकिताला आनंदाने नाचावंसं वाटलं. शेठनी खालून पेढे मागवले आणि प्रणित सरांना दम भरला, "हिचा परोग्राम हिथंच राहील. फोनवर तुमी बसा."

ब्रोकर आले, पेढे खाऊन, पान बघून खूश झाले आणि प्रत्यक्ष बिल्डिंग बघायला कर्नाळ्याकडे निघाले. शेठ मात्र दारातून माघारी फिरले आणि अंकिताच्या कानाशी लागले.

"पोरी, मागच्या भिंतीला पन एक तडा हाय. ही मंडली कर्नाल्याच्या रस्त्याला लागायच्या आत तो बी मिटव की."

"शेठ, खऱ्या भिंतीला विठूकाकाच हवेत!"

शेठनी विठूकडे पाहिलं. विठूने पेढा संपवला, हात पुसले.

"मी सकालीच बगितला," तो म्हणाला. "माजं काम नाय त्ये. तो एंटरचा हाय."