बारक्या शंखांच्या दोन बाटल्या

मले राग आला का मी लपवत नाही. आन त्या दिवशी तं काहून लपवावा?

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत मी बाटल्या धुवाची. सेलोकर सरानं कोकणातून समुद्राचे बारके शंख आनले, गव्हाच्या दान्याएवढे. त्यायची वर्गवारी करून सराले डॉक्टर व्हाचं होतं. सर रंग पाहून निवडे, पांढरे इकडं, भुरे तिकडं, आन म्हने सारे एकाच प्रजातीचे.

माझं माहेर अड्याळचं. आमच्या धानात करगा निंगते, म्हंजे रानटी धान. माय सांगे, रंगावर जाऊ नको, दान्याचं कुसळ चाचपून पाहा. तसंच मी शंख धुताना त्यायच्या तोंडात टाचनी फिरवली. काहींत टोक अडलं, आत बारीक दात होते. काही एकदम गुळगुळीत. जेवनाच्या सुट्टीत बसून दीड महिन्यात दोन बाटल्या भरल्या.

सर पहिले भल्ला खेकसला, "कुंता, कोणी सांगितलं हात लावायला?" मंग भिंग लावून पाह्यलं, पन निवडले कसे ते काही इचारलं नाही. म्हने, "या दोन प्रजाती आहेत. लेबलावर निवडणाऱ्याचं नाव असतं, तुझं लिहितो."

माय वो! आमच्या घरात कोनाचं नाव कुठं लिवलं होतं? मी सासूले, चंद्रभागाबाईले, दहादा सांगतलं. मले वाचता येत नाही. तीन महिने ते लेबल मी रोज पदरानं पुसलं.

मंग नागपूरहून म्हातारे परीक्षक आले. बाटली उचलून त्यायनं मोठ्यानं वाचलं, "निवडणारे, प्राध्यापक सेलोकर. वा, काय नजर आहे!"

सर हासून राहिला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही बाटल्या उचलल्या आन परातीत उलट्या केल्या. हातानं कालवून टाकल्या.

"अगं, वेडी झालीस का?" सर वरडला.

"तुमीच निवडले ना? मंग बसा, निवडा पुन्हा!"

परीक्षक म्हनले, "हो, दाखवा ना." सरानं घाम पुसत हाती चिमटा घेतला. पांढरे इकडं, भुरे तिकडं. परीक्षकानं दोन्ही ढिगायले भिंग लावलं, दोन्हीत दातवाले निंगाले, आन त्यायनं नाही म्हनून मान हालवली. मंग खुर्ची माझ्याकडं सरकवली.

"निवडीन," मी म्हनलं, "पन आंधी लेबल. कुंताबाई नत्थू वाघाये. सरानंच लिवाचं, त्याच्याच हातानं."

सरानं लिवलं. मले त्याची काही कीव नाही आली.

"लिहिलं बाई, घे आता," सर म्हने.

"तुमी चूप बसा," मी म्हनलं आन लेबल परीक्षकाच्या हाती देल्लं. "साहेब, तुमी वाचा. मंग मी टाचनीले हात लावीन."