बारक्याचा अंदाज

"बारक्या कंबरेएवढी लाट म्हणतोय!" जेवता जेवता मोबाइल पुढे करत नवरा म्हणाला. "उद्या आजी-आजोबांचा वर्ग झकास होणार."

नवरा सर्फिंग शिकवायचा. साठी उलटलेल्यांसाठी त्याने नुकताच वेगळा वर्ग काढला होता. ती एका संस्थेत लाटांचा अंदाज वर्तवायची. आणि तिच्याच घरात अंदाज बघितला जायचा तो बारक्याचा.

बारक्या तिच्या हाताखाली शिकलेला. वारा, भरती, दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटा, हे सगळं संगणकात कसं भरायचं आणि त्यातून उद्याचा समुद्र कसा काढायचा, ते तिनेच त्याला शिकवलं. मग त्याने नोकरी सोडली, स्वतःचं ॲप काढलं. रोज सकाळी हसऱ्या चेहऱ्याने व्हिडिओ टाकू लागला आणि किनाऱ्यावरच्या सगळ्यांच्या गळ्यातला ताईत झाला. तिच्या तक्त्यांकडे कुणी ढुंकून बघेना.

"तुझं जरा किचकट असतं गं," नवरा म्हणायचा. "तो कसा, दोन वाक्यांत मोकळा होतो."

तिला मिरची झोंबायची.

त्या दुपारी ऑफिसात तिच्या एक गोष्ट लक्षात आली होती. खोल समुद्रात साखळीने बांधलेला, लाटा मोजणारा तरंगता बोया सुटून खाडीच्या आडोशाला वाहत आला होता आणि तिथल्या शांत पाण्याचे आकडे पाठवत होता. तिने तो गणितातून काढून टाकला. तिच्या अंदाजातली लाट डोक्याच्याही वर गेली. बारक्याने मात्र तो काढला नव्हता. पडू दे एकदा तोंडावर, असं तिच्या मनात आलं आणि गार वाटलं. संध्याकाळी त्याचे दोन फोन आले. मिरवायला करत असेल, म्हणून तिने उचलले नाहीत.

आता नवऱ्याला सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "पोरगा हिरा आहे बघ."

"मग जा की त्याच्या भरवशावर," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

सकाळी जाग आली तेव्हा नवरा निघून गेला होता. त्याचा फोन लागेना. तिने बारक्याला फोन लावला.

"अरे, तो बोया..."

"वाहत गेलाय ना? काल संध्याकाळी दिसला मॅडम. आधी तुम्हालाच फोन केला. म्हटलं, तुमच्याकडेही तोच बोया, तुमचं चुकायला नको. तुम्ही उचलला नाहीत. नवा अंदाज निघायला पहाट झाली, मग सरांना कळवलं. वर्ग रद्द केलाय त्यांनी."

"बरं केलंस," ती कसंबसं म्हणाली.

किनाऱ्यावर लाटा धक्क्यावरून पलीकडे फुटत होत्या. वर्गातली मंडळी बाकांवर थर्मासातला चहा पीत बसली होती.

"त्या पोरानं वाचवलं हो," एक आजी तिला म्हणाल्या. "नाहीतर आज आमची हाडं मोजत बसावी लागली असती!"

नवरा सर्फिंगच्या फळ्या आवरत होता. तिला बघून थांबला.

"तुला कळलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं.

"हो," ती म्हणाली. "काल दुपारीच."

तो शिकाऊंची सगळ्यात लांब फळी उचलायला वाकला. ती उचलायला दोघं लागायची. तिने दुसरं टोक धरायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला.

फळी डोक्यावर घेऊन तो एकटाच शेडकडे निघाला. वाऱ्याने ती फिरत होती. वाटेत तो दोनदा भेलकांडला, पण त्याने हाक मारली नाही.