मामांचं बोटीवरचं जेवण

दोन हजार सातच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बोटीवर गेलो होतो. आमच्या घरी दिवाळी करत नाहीत, आम्ही बौद्ध. पण सुट्टी काय, सगळ्यांचीच असते. मी शिरूरला शाळेत शिकवते आणि तिथंच खोली घेऊन राहते. सुट्टी लागली की एसटीनं दौंडला, सासरी. माझे मिस्टर महेंद्र तेव्हा प्रवासी बोटीवर नोकरीला होते. वर्षातले आठ-नऊ महिने ते पाण्यावर आणि मी शिरूरच्या खोलीत, असा आमचा दोन वर्षांचा संसार.

त्या हिवाळ्यात त्यांची बोट मुंबईहून गोव्याला फेऱ्या करायला लागली. खोल्या रिकाम्या असल्या तर कंपनी कामगारांच्या घरच्यांना एक फेरी सवलतीत देते, असं कळलं, आणि महेंद्रनी बंदरातून फोन केला, "तिघंही या. तीन रात्री आहेत. मला सुट्टी नाही मिळायची, पण दिसेन तरी."

"म्या कशाला येऊ? मला पवायला येत न्हाई," शंकरमामा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले.

"तुमाला पवायला कोन सांगतंय? नुसतं बसायचं हाय," चांगुणाआत्या म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. "तुमी नगा येऊ. म्या आन् सीमा जातो."

मग मामा आले. रेल्वेत गँगमन म्हणून लागून मुकादम होऊन ते रिटायर झालेले, त्यामुळे पास होता. दौंडहून मुंबईपर्यंत कोणत्या पुलाखाली किती पाणी असतं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. बंदरातल्या तपासणीच्या मशीनमधून आत्यांची शेंगदाण्याची चटणी आणि बारा भाकरी बिनबोभाट गेल्या. मामांचा अडकित्ता मात्र काढून ठेवला, त्याची पावती दिली. मामांचं तिथंच थोडं बिनसलं.

बोट म्हणजे दौंड स्टेशन उभं केलंय असं आत्यांना वाटलं. महेंद्र पाच मिनिटांसाठी येऊन भेटले. पांढरा कोट, काळा बो, छातीवर नावाची पट्टी. वाळले होते. आत्यांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. मी शेजारी उभी राहून पट्टीवरचं नाव वाचत होते, जणू मला ते माहीत नव्हतं.

"सकाळी सहा ते दहा, दुपारी बारा ते दोन, संध्याकाळी सहापासून अकरापर्यंत ड्युटी," ते म्हणाले. "मधल्या वेळात येईन."

आता एक गोष्ट सांगायला हवी. मामांचं मूळ गाव पाटसच्या अलीकडं. त्यांच्या वडलांकडं गावकीची कामं असायची. लग्नाकार्यात पंगत उठली की पत्रावळ्या काढायच्या आणि उरलंसुरलं टोपल्यात घेऊन यायचं. ते टोपलं पोरवयातल्या मामांच्या डोक्यावर असायचं. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर वडलांनी ते चुलीत घातलं. "आपल्या घरातलं कुनी परत दुसऱ्याचं खरकटं उचलणार न्हाई," हे मामांचं वाक्य मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात ऐकलं होतं.

आणि महेंद्र बोटीवर वेटरच्या हाताखाली होते. पाणी द्यायचं, पाव ठेवायचे, ताटं उचलायची. त्यांनी घरी खोटं कधी सांगितलं नव्हतं. 'हॉटेल लाइनला आहे' एवढंच सांगितलं होतं, आणि मामांनी खोलात कधी विचारलं नव्हतं. मला सगळं माहीत होतं. मी गप्प बसले होते.

पहिल्या रात्री जेवायला मोठ्या हॉलमध्ये गेलो. हेडवेटर फर्नांडिस यांनी मुद्दाम आम्हाला महेंद्रच्या टेबलावर बसवलं. आमच्या शेजारी एक मोठं कुटुंब होतं, दहा-बारा जणांचं. त्यांचं जेवण झालं तेव्हा त्यांच्यातल्या एकानं चुटकी वाजवली. "ए, यह सब उठा!"

महेंद्र गेले. एकावर एक ताटं रचली, हाडं, चोथे, अर्धवट पाव एका ताटात ओढले आणि पाच ताटं एका हातावर घेऊन आत गेले. मामांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"जेवा की," आत्या म्हणाल्या.

"झालं माझं."

खोलीत आल्यावर आत्यांनी विचारलं, "काय होतंय?"

"बोट हालतीया," मामा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले. बोट काही फारशी हलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोवा आलं. महेंद्रना तीन तास मोकळे होते आणि चौघांनी समुद्रावर जायचं ठरलं होतं. ते साधा शर्ट घालून खोलीत आले तर मामा पलंगावर बसलेले.

"तुमी जावा. म्या बसतो हितंच."

महेंद्र त्यांच्या शेजारी बसले. "आबा, कालपासून जेवला नाहीत म्हणे."

मामांनी पलंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, "तुला पुण्याला कालेजात घातला. म्या ओव्हरटाइम करून फी भरली. ते ह्यासाठी व्हय? चुटकी वाजिवली त्यानं. कुत्र्याला वाजिवत्यात तशी."

"ती मलाही आवडली नाही."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो. तुम्ही उठून गेल्यावर. म्हटलं, सर, माझं नाव महेंद्र. इथं लिहिलंय. त्या नावानं हाक मारा."

"आन्?"

"आणि काय! आज सकाळी नाश्त्याला 'महेंद्रभाई, चाय' म्हणाला. काही जण शिकतात, काही नाही शिकत." महेंद्र उठले. "आबा, गोवा राहू दे. मी कुठं जेवतो ते बघायला चला. मग तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा."

"गोवा कुठं पळून जातंय," आत्या म्हणाल्या आणि चपला घातल्या.

फर्नांडिस साहेबांना विचारून महेंद्र आम्हाला खाली घेऊन गेले. वरचे गालिचे संपले, लोखंडी जिने लागले, उकडायला लागलं. कामगारांची खाणावळ मोठी होती. लांब टेबलं, भाताचा आणि तळलेल्या मासळीचा वास. कितीतरी देशांची माणसं एकाच रांगेत ताट घेऊन उभी होती. आमच्या मागं पांढऱ्या सदऱ्याचा, खांद्यावर सोनेरी पट्ट्या असलेला एक अधिकारी येऊन उभा राहिला. मामा सवयीनं बाजूला झाले. त्यानं हातानंच खूण केली, पुढं चला, तुमचा नंबर आधी आहे.

आम्ही भात, पातळ डाळ आणि कोबीची भाजी घेऊन बसलो. आत्यांनी पिशवीतून चटणी काढली. समोर एक फिलिपिनो मुलगी बसली होती, तिनं बोटानं चटणी चाखली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग फर्नांडिस साहेब स्वतःचं ताट घेऊन आमच्याच टेबलावर आले. त्यांना कोकणी वळणाचं मराठी येत होतं. दौंडला त्यांचा मावसभाऊ रेल्वेत ड्रायव्हर होता म्हणे. तेवढं पुरलं. मामांनी त्या भावाचं नाव विचारलं, इंजिनाची शेड कोणती ते विचारलं, आणि बोलता बोलता सगळा भात संपवला.

जेवण झाल्यावर फर्नांडिस उठले. स्वतःचं ताट उचललं, त्यावर मामांचं ठेवलं, त्यावर आत्यांचं, आणि बोलत बोलतच ती ताटं कोपऱ्यातल्या भांडी घासायच्या खिडकीत ठेवून आले. मामा अर्धवट उठले होते, ते तसेच राहिले.

"हे तुझे सायेब ना?" त्यांनी महेंद्रना हळूच विचारलं.

"व्हय."

"माझं खरकटं उचललं त्यांनी."

"जो आधी उठतो तो उचलतो, आबा. काल मी त्यांचं उचललं होतं."

मामांनी मान हलवली. त्यांना सगळं पटलं असं मी म्हणणार नाही. जिना चढताना ते एवढंच म्हणाले, "वर ती चुटकी बंद झाली पायजे." पण त्या रात्री हॉलमध्ये ते पोटभर जेवले, आणि महेंद्र पाणी घालायला आले तेव्हा ग्लास पुढं करत म्हणाले, "महेंद्रभाई, जरा गार आना." आत्या एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारचं सगळं टेबल वळून बघायला लागलं.

तिसऱ्या दिवशी बोट परत निघालेली, चारी बाजूंना पाणी. दुपारी अडीचला महेंद्र खोलीत आले. मी त्यांच्यासाठी सात महिन्यांचं बोलणं साठवून ठेवलं होतं. शाळेतल्या गमती, खोलीमालकीणबाईंची भांडणं, शिक्रापूरला प्लॉट बघून आले होते त्याची हकिकत. ते पलंगावर टेकले, म्हणाले, "सांग," आणि मी प्लॉटपर्यंत पोचायच्या आत ते झोपी गेले. बूट पायातच.

आत्यांनी बूट काढले. मामांनी खिडकीचा पडदा ओढला. मग आम्ही तिघं त्या एवढ्याशा खोलीत बसून राहिलो. मला आधी जरा वाईट वाटलं. मग झोपेतच महेंद्रचं डोकं माझ्या मांडीवर आलं आणि मला वाटलं, असू दे. बोलणं फोनवरही होतं. घोरणं मात्र फोनवर ऐकू येत नाही.

साडेपाच वाजायला आले तरी मी त्यांना हलवलं नाही, मला ते जमेना. मामाच उठले. आयुष्यभर गँगच्या पोरांना ज्या आवाजात उठवलं त्याच आवाजात म्हणाले, "ए महेंद्र, ऊठ. ड्युटी हाय."

ते धडपडत उठले, तोंड धुतलं, केस सारखे केले. मामांनी खुंटीवरचा पांढरा कोट काढला, झटकला आणि दोन्ही हातांनी मागून धरला. महेंद्र क्षणभर थांबले, मग त्यांनी एक हात बाहीत घातला, मग दुसरा. मामांनी खांद्यावरून हात फिरवून चुणी काढली.

"जा. लोकं जेवायला येत्याल."

महेंद्र गेले. आत्यांनी उरलेल्या दोन भाकरी काढल्या, आम्ही चटणीशी खाल्ल्या आणि सूर्य बुडायच्या आत वर जाऊन उभ्या राहिलो. मामा आमच्या आधीच वर पोचले होते आणि एका अनोळखी माणसाला सांगत होते की त्यांचा मुलगा याच बोटीवर असतो, जेवायला गेलात तर नावानं हाक मारा.